पळसाचा परशुराम

१७ फेब्रुवारी १९५७, रविवार

हेमाने अर्धी कोरी वही रद्दीत टाकली होती, ती मी काढून घेतली. मी दुसरी पास. तिसरीतून बापाने काढली आणि बोहल्यावर उभी केली. अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण माझं मला लागतं. घरात बोलले की भांडण होतं, शेजारच्या ठमाबाईशी बोलले की आळीभर होतं. म्हणून लिहिते.

आज ह्यांचा पुतण्या महिपत ठाण्याहून आला होता. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, काकी, येत्या फाल्गुनात परशुरामाला बारा वर्षं होतात. परशुराम म्हणजे माझा मुलगा. लढाईत सरकारी विमान चालवायचा. ब्रह्मदेशात गेला तो गेला, देह मिळाला नाही. महिपतने भटजींना विचारून ठेवलंय. हरवलेला माणूस बारा वर्षांत परतला नाही, की पळसाच्या पानांचं माणूस करून जाळायचं, मग दहावा, तेरावा. तोवर त्याला पाण्याचा थेंब देता येत नाही.

मी म्हटलं, करून टाक. मला कधीच शंका नव्हती. मेला तो मेला. बारा वर्षं काय झाडावर बसून राहिलाय?

सून मंदाकिनी आत गवारीच्या शिरा काढत होती. तिथूनच म्हणाली, "अजून बारा भरली नाहीत."

दर वेळी हेच. 'येतील' असं काही तिने कधी म्हटलेलं मला आठवत नाही. फक्त भरली नाहीत.

महिपतने जाताना माझ्याकडे बघून मान हलवली. मी त्याला म्हटलं, तू पानांचं बघ, हिचं मी बघते.

१९ फेब्रुवारी

हेमा बापाच्या पाठीमागे लागली आहे. बाप गेला तेव्हा ही पोटात. आता जूनमध्ये बारावं संपेल. तिच्यासारख्या पोरी फुगड्या घालतात, ही मला विचारते, आजी, बाबा विमान कसं चालवायचे. मी काय सांगू? मला माहीत असलेली गोष्ट एकच. पोरगेला होता तेव्हा भरलेली घागर सायकलच्या दांडीवर धरून चिखलातून आणायचा, थेंब सांडायचा नाही. हे तिला शंभरदा सांगितलं. आज म्हणाली, घागरीचं नको, विमानाचं सांग.

आईला विचार, म्हटलं. आई म्हणे वह्या तपासतेय.

मंदाकिनी डोंबिवलीला मुलींच्या शाळेत शिकवते. कपाळाला रुपयाएवढं कुंकू, हातभर बांगड्या. सरकार दर महिन्याला काहीतरी पाठवतं, ते पोस्टातून आपणच जाऊन आणते, मला कधी सही करू देत नाही. मी परवा महिपतला म्हटलं, सरकारलासुद्धा खात्री नसेल, नाहीतर पगार कशाला चालू ठेवतील? त्यालाही पटलं. त्याला पगारातलं माझ्याइतकंच कळतं.

२२ फेब्रुवारी

तो दिवस मला लख्ख आठवतो, लिहून ठेवते. एप्रिल पंचेचाळीस. तेव्हा आम्ही रेल्वेच्या चाळीत होतो. हे इंजिन चालवायचे, पण छातीच्या दुखण्याने खाटेला खिळलेले. डॉक्टर म्हणाला होता, पावसाळा काढणार नाहीत, मनाला धक्का लागू देऊ नका. दुपारी लष्कराच्या कँपातून जीप आली. गोरा साहेब उतरला, टोपी काढून काखेत धरली. इंग्रजी कळणारी घरात मंदाकिनी एकटी, मॅट्रिक झालेली. सातव्या महिन्याचं पोट घेऊन दारात उभी राहिली. साहेब बोलला, ही 'येस' म्हणाली. तो परत बोलला, ही परत 'येस' म्हणाली. मग तिने मागे वळून बघितलं, माझ्याकडे नाही, खाटेकडे. म्हणाली, "सापडत नाहीत म्हणतात. शोध चालू आहे."

साहेबाने मला हात जोडले, पाणी न घेता गेला. त्यांच्यात रीतच असेल तशी.

हे त्या बोलण्यावर तीन पावसाळे जगले. उठून बसले, मग काठी टेकत रोज संध्याकाळी लढाईत बांधलेल्या विमानतळाच्या रस्त्याला जाऊन उभे राहायचे. मी म्हणायचे, बैलगाडी आहे का ती, वाट चुकून उशिरा यायला? तर माझ्यावर डोळे काढायचे. सासरा-सून एका बाजूला, मी एकटी दुसऱ्या. दोघं वेडी होती, शहाणी मी एकटी.

२४ फेब्रुवारी, रविवार

आज एक माणूस आला. चाळिशीचा, काळा, खांदे पडलेला. तानाजी नाव सांगितलं. मूळचा संगमेश्वरकडचा, म्हणजे आमच्याच मुलखातला. आंबिवलीच्या कारखान्यात नुकता लागलाय. म्हणाला, परशुराम साहेबांच्या विमानाचा मी फिटर होतो. कल्याणात नाव काढलं तेव्हा घर कळलं.

मी पाट टाकला. दोन्ही हात मनगटापर्यंत भाजल्यासारखे, कातडी चुरगळलेली. चहाचा कप दोन तळव्यांत धरून पितो.

हेमा त्याच्या समोर जाऊन बसली, डोळे मोठे करून. "तुम्ही बाबांना विमान चालवताना बघितलंय?"

तो म्हणाला, रोज. आणि पुढे बोलणार तर मंदाकिनी बाजाराच्या पिशव्या घेऊन आत आली. तो कोण हे ऐकून तिच्या तोंडावरचं रक्त उतरलं. हेमाला म्हणाली, कोथिंबीर आण. घरात कोथिंबीर होती. मला म्हणाली, आत्याबाई, दूध बघा, उतू जाईल. दूध तापायला ठेवलंच नव्हतं.

मी चुलीपाशी गेले, पण कान ठेवून होते. ही हळू काहीतरी सांगत होती. तो एवढंच म्हणाला, "पण वहिनी, असं कसं?" आणि उठून गेला. माझा निरोपसुद्धा घेतला नाही.

हेमा कोथिंबीर घेऊन आली, तर पाट रिकामा. रात्री जेवली नाही. दोन रट्टे द्यावेसे वाटले, पण कुणाला द्यायचे ते ठरेना.

३ मार्च

ठमाबाई सांगत आली. तिच्या लेकीचं घर विठ्ठलवाडीला. तिथल्या फलाटावर तिने मंदाकिनीला बघितलं, बाकावर, एका भाजक्या हातांच्या माणसाबरोबर. ती रडत होती म्हणे आणि तो खाली बघत होता. ठमाबाईला असलं सांगताना पान खाल्ल्यासारखा रंग चढतो. म्हणाली, गंगुबाई, वाईट वाटून घेऊ नकोस, पण नवरा आहे की नाही ह्याचा पत्ता नसलेल्या बाईचं असंच होतं.

मी म्हटलं, तुझा नवरा घरात आहे, त्याचा तरी तुला कुठे पत्ता असतो? गेली उठून.

पण मला आता सगळं समजलं. म्हणून हिला बारा भरायला नको आहेत. कुंकू आहे तोवर कुठेही बसता-उठता येतं. विधवेला फलाटावर परक्याशी बोलू कोण देतं?

९ मार्च

आज बोलले. हेमा खाली होती. म्हटलं, मंदाकिनी, एकवीस तारखेला विधी आहे, ठरला. षष्ठी चांगली आहे. त्या फिटरचं काय असेल ते त्याच्या आत मिटव. माझ्या घराण्यात विधवेचा पाट लावत नाहीत.

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी भिंतीशी बोलतेय की माणसाशी हे मला कळेना. मग हसली. हसली! म्हणाली, "तसं नाही ते, आत्याबाई."

मग कसं?

"एकवीसला करा. मी काही म्हणत नाही."

इतकी वर्षं अडून बसलेली बाई एका बोलण्यात वाकली. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

१३ मार्च, बुधवार

आज मी आंबिवलीला गेले. कुणाला सांगितलं नाही. त्या तानाजीला चार शब्द सुनवायचे होते. कारखान्याच्या फाटकासमोर चहाच्या दुकानात बसून राहिले, पाळी सुटली तसा तो बाहेर आला. मला बघून पाया पडला. मी पाय मागे घेतले.

म्हटलं, माझ्या सुनेच्या वाटेला जाऊ नकोस. येत्या एकवीसला माझ्या मुलाला अग्नी देतोय, त्यानंतर ती विधवा. तिची अब्रू ती आमची.

तो खाली बसला, दुकानाच्या पायरीवर. म्हणाला, "आई, एकदा दिलेला अग्नी परत कसा देणार?"

मी म्हटलं, काय बोलतोस?

त्याला वाटलं होतं मला माहीत आहे. वहिनींनी मला गप्प बसायला सांगितलं ते पोरीपुढे आणि लोकांपुढे, असं तो धरून चालला होता. माझ्यापुढेसुद्धा, हे त्याला तेव्हा कळलं. मग उठून जायला लागला. मी त्याचा हात धरला. ती कातडी कागदासारखी लागते. म्हटलं, आता सगळं सांगितल्याशिवाय तुला मी सोडत नाही.

त्याने सांगितलं ते असं. ऐरावती नदीच्या काठावर त्यांचा तळ. परशुराम सकाळी गेला तो दुपारी परत येताना दिसला, मागे धूर. इंजिन बंद पडलेलं. छत्री घेऊन उडी टाकायला उंची उरली नव्हती. समोर धावपट्टी, पण तिच्या कडेला पेट्रोलची पिंपं रचलेली आणि तंबूत ही पोरं जेवायला बसलेली. त्याने विमान वळवलं. इंजिन नसलेलं विमान वळत नाही म्हणे, दगडासारखं पडतं. ह्याने वळवलं आणि नदीच्या वाळूत टेकवलं. तानाजी म्हणाला, "आई, मी पुष्कळ वैमानिक बघितले. असं टेकवलेलं नाही बघितलं. पंखाला ओरखडा नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या."

मग ते धावत गेले. डोक्यावरची काचेची झडप अडकली होती. तो आतून ढकलत होता, ही पोरं बाहेरून ओढत होती. आग पायाकडून आली.

विमान उतरवलं त्याने. तो उतरला नाही.

त्याच संध्याकाळी तिथेच लाकडं रचली. जवळच्या मुलखातला, जातीतला, म्हणून तानाजीने अग्नी दिला, हातांना पट्ट्या बांधून. दहा दिवस सुतक पाळलं, डोकं भादरलं, त्यावरून वरच्या अधिकाऱ्याने शिक्षा केली. दहाव्याला नदीत पिंड सोडले. कावळा लगेच आला, म्हणाला. सगळं रीतीने झालं. परशुराम साहेबांच्या घरी कळवलं होतं, कँपातून खास माणूस गेला होता.

आला होता. मी तिथेच होते. मी पाणी घेऊन उभी होते.

तानाजीने मला गाडीत बसवून दिलं. कुठलं स्टेशन गेलं, कुठलं आलं, मला माहीत नाही.

१५ मार्च

होळी. खाली पेटवली आहे. बोंबा मारतायत. मी गेले नाही, खिडकी लावून घेतली.

१८ मार्च

विधी थांबवायचा तर आजच महिपतला निरोप द्यायला हवा. सकाळपासून तोच विचार.

जळलेल्याला परत जाळणं ह्याला शास्त्र काय म्हणतं, कोण जाणे. भटजींना विचारायचं तर कारण सांगावं लागेल. कारण सांगितलं की संध्याकाळपर्यंत कल्याणात आणि उद्या ठाण्यात. बारा वर्षं विधवा असून कुंकू लावून हिंडली. सवाष्ण म्हणून जेवली. ठमाबाईच्या दोन्ही लेकींची ओटी हिने भरली, धाकटीचं मूल गेल्या साली दगावलं. ते हिच्या कपाळी मारायला ठमाबाईला कितीसा वेळ? शाळेतून काढतील. हेमाला मागणी घालायला कुत्रं येणार नाही.

आणि त्या दिवशी तिने खरं सांगितलं असतं तर हे त्याच खाटेवर गेले असते. ते मला कळतंय. पण नंतर? हे अठ्ठेचाळीसला गेले. त्यानंतर नऊ वर्षं कुणासाठी? माझ्यासाठी? मी तर रोज म्हणत होते, मेला तो मेला.

मंदाकिनी तेव्हा तेवीसची होती. तेव्हा कळलं असतं तर मी तिच्याशी कशी वागले असते ते मला माहीत आहे. लिहीत नाही.

महिपतला निरोप दिला नाही.

२१ मार्च, गुरुवार

झालं.

फाल्गुनात पळस फुललेला असतो, पानं झडलेली. महिपतने मुरबाडकडून पत्रावळीच्या वाळल्या पानांचे गठ्ठे आणले. खाडीकाठी भटजींनी त्यांचं माणूस मांडलं. देठ हातापायांना, नारळाचं डोकं, कवड्यांचे डोळे. वर पांढरं वस्त्र. ज्या पानांवर जेवायचं त्या पानांचा माझा मुलगा. बायकांनी घाटावर जायचं नसतं, मी गेले. मला अडवायला कुणी पुढे झालं नाही.

भटजींनी विचारलं, कुठे, कोणत्या दिशेला गेला? मी म्हटलं, पूर्वेला. खोटं नव्हतं.

तानाजी आला होता, लांब उभा. महिपतने अग्नी दिला. पानं क्षणात गेली, नारळ तेवढा वेळ घेत होता. तानाजीने पाठ फिरवली. मी बघत राहिले. मी ते तेव्हा बघितलं नव्हतं.

घरी बायका जमलेल्या. ठमाबाई बांगड्या फोडायला वरवंटा घेऊन बसलेली, जसं काय वाटण वाटायचंय. मंदाकिनीने कुणाला हात लावू दिला नाही. आपणच उंबऱ्यावर मनगट आपटलं. रक्त निघालं. कुंकू पदराने पुसलं. हेमा कोपऱ्यात उभी, तिने डोळे मिटून घेतले नाहीत. माझ्यावर गेली आहे.

बायका म्हणाल्या, सुटला बिचारा. मी म्हटलं, आता तुम्हीही सुटा, घरी जा.

३० मार्च, शनिवार

दहावा. खाडीकाठी पिंड मांडले. कावळा येईना.

झाडावर होते, चांगले सात-आठ. एक उतरला, पिंडाजवळ गेला, मान वाकडी करून बघितलं आणि गेला. ऊन चढलं. महिपत म्हणाला, हेमाचं शिक्षण मी करीन. कावळा नाही. काकीला अंतर देणार नाही. नाही. लोक कुजबुजायला लागले. मग ठमाबाईच्या नवऱ्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, ह्या बाईने बारा वर्षं त्याला अडकवून ठेवला, तिलाच सांगू दे, चुकले म्हणून. त्याशिवाय शिवायचा नाही.

सगळे मंदाकिनीकडे बघायला लागले. ती पांढऱ्या पातळात, वाळूत बसलेली. तिचे ओठ हलले. मला दिसलं, ती सांगणार. चुकले एवढंच नाही, सगळं सांगून मोकळी होणार.

मला ठाऊक होतं कावळा का येत नाही. तिथे भुकेलं कुणी नव्हतंच. ज्याचं त्याला कधीच मिळालंय.

मी पुढे झाले. म्हटलं, "तिला काय विचारता? तो माझ्यावर रागावलाय. लढाईवर निघाला तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, परत आलास तर मला तोंड दाखवू नकोस. आईचा शब्द पाळला त्याने."

असं मी कधी म्हटलं नव्हतं. दहीपोहे बांधून दिले होते.

ठमाबाईच्या नवऱ्याने थुंकल्यासारखं तोंड केलं. महिपत माझ्याकडे बघेना, अजून बघत नाही. मी भटजींना म्हटलं, दर्भाचा कावळा करा आणि आटपा. त्यांनी दर्भ वळून कावळा केला, पिंडाला लावला. झालं.

घरी आल्यावर मंदाकिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली. म्हणाली, तुम्ही आंबिवलीला गेला होतात.

"गेले होते."

"आत्याबाई, मामंजींना तेव्हा..."

"मी तुला काही विचारलंय का?" म्हटलं. "भात टाक."

ती उभी राहिली. मग भात टाकला.

१ एप्रिल, सोमवार

पाडवा. आळीत गुढ्या, आमच्याकडे नाही. आजपासून नवे पैसे सुरू, वाणी सकाळपासून सगळ्यांशी भांडतोय.

मी आणि मंदाकिनी तेराव्याचे तांदूळ निवडत होतो. हेमा शेजारच्या पोरींतून वर आली. चेहरा लाल. सुपाशी बसली, थोडा वेळ खडे काढले. मग म्हणाली, ठमाबाईची नात म्हणते, ज्यांना विमान नीट येतं ते परत येतात. ज्यांना उतरवता येत नाही ते हरवतात.

मंदाकिनीचा हात सुपात थांबला.

"आजी, बाबांना उतरवता यायचं ना?"

माझ्या जिभेवर होतं सगळं. नदी, वाळू, टाळ्या वाजवणारी पोरं. इंजिन नसलेलं विमान वळवून पानासारखं टेकवलं तुझ्या बापाने, जा सांग तिला. पोरीने विचारलं होतं ते एवढंच, बारा वर्षांत एवढंच. पण ते सांगायचं तर कुणी बघितलं ते सांगावं लागतं. कुणी बघितलं ते सांगितलं की मग तो हरवला कसा, हे ती दुसऱ्या दमात विचारणार. आणि ही पोर गप्प बसणारी नाही. अभिमानाने आळीभर सांगत सुटेल.

मी म्हटलं, "मला विमानातलं काय कळतं? आईला विचार."

मंदाकिनीने माझ्याकडे बघितलं. मी तांदळाकडे बघत होते. मग ती म्हणाली, "मला तरी कुठे माहीत, बाळ."

हेमा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, म्हणजे येत नव्हतं. आणि उठून गॅलरीत गेली.

आम्ही तांदूळ संपवले.